आवाज लागला नाही

मेटल ऐकणाऱ्या दोन माणसांचा वाद साधारण दहाव्या मिनिटाला एकाच वाक्यावर येऊन थांबतो. आधी पहिला म्हणतो, लाइव्ह ऐकावं तर आयर्न मेडनला. पासष्टी ओलांडलेला ब्रूस डिकिन्सन अजून स्टेजभर पळत गातो. दुसरा म्हणतो, मेटॅलिकासारखं मैदान दुसरं कुणी ताब्यात घेत नाही. मग तिसरा, स्लेअरवाला, येतो आणि त्याला हे दोघंही मवाळ वाटतात. मोबाईल बाहेर निघतात, यूट्यूबवरच्या क्लिप्स एकमेकांच्या तोंडासमोर धरल्या जातात, कोण सुरात, कोण लयीत, कुणाचा ड्रमर मागे पडतो याचे पुरावे दिले जातात. आणि शेवटी कुणीतरी दमून म्हणतं, “जाऊ दे ना भावा, सगळं सब्जेक्टिव्ह असतं.”

या वाक्याचा मला राग येतो. वरवर ते नम्र दिसतं. माझं मत माझ्यापाशी, तुझं तुझ्यापाशी, कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही. पण ते खरं असेल तर आधीची दहा मिनिटं आपण काय करत होतो? पोह्यांवर शेव घ्यावी की खोबरं, यावर कुणी पुरावे गोळा करत बसत नाही (नागपूरकर बसतात, पण ते असो). ‘मला मेडन आवडतात’ हे वाक्य खोटं ठरू शकत नाही. मी थापा मारत नसेन तर विषय तिथेच संपला. ‘मेडन लाइव्ह जास्त चांगले वाजवतात’ हे वाक्य मात्र समोरच्याकडून काहीतरी मागतं. तूही ऐक, नीट ऐकलंस तर तुलाही पटेल, असं ते म्हणतं. या दुसऱ्या वाक्याचा हिशेब द्यायची वेळ आली की आपण पहिल्या वाक्याच्या आडोशाला जाऊन उभे राहतो. त्या आडोशाचं नाव ‘सब्जेक्टिव्ह’.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रोज दुसऱ्याचा कोड वाचून शेरे लिहावे लागतात. ‘मला हे आवडलं नाही’ एवढाच शेरा लिहिला तर समोरचा तो बंद करून पुढे जातो, आणि बरोबरच करतो. ‘दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर इथे शिल्लक चुकेल’ असं लिहिलं तर त्याला थांबावं लागतं. कोड निदान चालवून बघता येतो, गाणं काय चालवून बघणार, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं असं की गाण्यातलंही बरंच काही तपासून बघता येतं. अडचण एवढीच की ते तपासायचं यंत्र म्हणजे आपणच, आणि त्या दिवशी त्या यंत्राची अवस्था काय होती हे कुणी लिहीत नाही.

आधी विरुद्ध बाजूचा सगळ्यात तगडा पुरावा मांडतो. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन’ मासिकात लेस्टर बँग्ज या समीक्षकाने त्याची सालटी काढली. क्रीम या बँडची वाईट नक्कल, असा त्याचा सूर होता. २०१७ मध्ये त्याच मासिकाने सर्वोत्तम शंभर मेटल अल्बमची यादी छापली, तेव्हा पहिला क्रमांक सॅबथच्याच ‘पॅरानॉइड’ला मिळाला आणि बँग्जने झोडपलेला तो अल्बम पहिल्या पाचांत होता. टेप तीच होती, बदलले ते कान. बघा, सगळं सब्जेक्टिव्हच असतं, असं म्हणायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

पण जरा थांबून पाहा. १९७० मध्ये मेटल असा स्वतंत्र प्रकार लोकांच्या डोक्यात नव्हता. बँग्ज ब्लूज-रॉकच्या फूटपट्टीने मोजत होता, आणि त्या पट्टीवर तो अल्बम खरोखरच तोकडा पडतो. टोनी आयोमीचे रिफ क्रीमसारखे उड्या मारत नाहीत, ते चिखलातून पाय ओढत चालल्यासारखे येतात. बँग्जने ते ऐकलं होतं, फक्त त्याला तो दोष वाटला. त्याने तुलना कशाशी केली हे लिहिलं, म्हणून आज पन्नासएक वर्षांनीही आपण त्याच्याशी भांडू शकतो, आणि तो कुठे चुकला हे बोट ठेवून दाखवू शकतो. नुसतं ‘कंटाळवाणं’ लिहून मोकळा झाला असता तर भांडायला काही उरलंच नसतं.

अल्बमचं निदान एवढं तरी बरं असतं की सगळ्यांसमोर तीच टेप असते. लाइव्ह ऐकताना दोन माणसं एकच गोष्ट ऐकतात हेच मुळात खरं नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्याबाहेरच्या एका मैदानात आम्ही तिघं एका गिगला गेलो होतो. एक मित्र पुढे घुसून कठड्याला चिकटून उभा राहिला. दुसरा मधोमध, साऊंडवाल्याच्या तंबूशेजारी. मी ट्रॅफिकमुळे उशिरा पोचलो, तो मागे डावीकडे, खाण्याच्या स्टॉलजवळ. परतताना गाडीत भांडण जुंपलं. पुढच्याच्या मते गायक दिवसभर झोपून आला असावा, आवाजच नव्हता त्याला. मधल्याच्या मते इतका स्वच्छ आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. मला दोघांचंही पटेना. मला झांजा आणि वारा सोडून फारसं काही मिळालंच नव्हतं.

यात आवडनिवड कुठेही आलेली नाही. अगदी पुढे उभं राहिलं की गिटारचे अँप आणि ड्रम्स थेट अंगावर येतात, पण गायकाचा आवाज उंच टांगलेल्या स्पीकरमधून डोक्यावरून मागे निघून जातो. साऊंडवाला जे मिसळतो ते तो उभा असतो तिथल्या कानांनी मिसळतो, म्हणून त्याच्याशेजारी सगळं जागच्या जागी असतं. मागे गेलं की गोष्ट आणखी बदलते. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. शंभर मीटरवर उभ्या असलेल्याला पडद्यावर ड्रमरची काठी पडलेली आधी दिसते, आवाज जवळपास तीन दशांश सेकंदांनी येतो. मोठ्या मैदानात मध्ये मनोरे उभारून त्यांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा वाजवतात, नाहीतर पुढचा आणि मधला आवाज एकमेकांत गुंतून लगदा होईल. त्यात वारा वाहिला तर वरच्या पट्टीतलं सगळं तो कुठल्या कुठे घेऊन जातो. तीन प्रामाणिक माणसांनी त्या रात्री तीन वेगवेगळ्या कॉन्सर्ट ऐकल्या होत्या.

मग कानांचं घ्या. आवाज वाढवला की कानाला खर्जातलं आणि अगदी वरचं जास्त भरून ऐकू येऊ लागतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत. म्हणूनच तेच गाणं किंचित मोठ्याने लावलं की बहुतेकांना ते ‘जास्त चांगलं’ वाटतं, ‘जास्त मोठं’ वाटत नाही. आता आठवा, पाच बँड असतील तर सगळ्यात मोठा आवाज कुणाला मिळतो? शेवटच्याला. पहिल्याला धड साऊंडचेकही मिळत नाही, तारा लागल्या आहेत की नाही एवढं बघून त्याला ढकलतात.

याच्या उलट जाणारी गंमतही आहे. कामाच्या जागी कान सांभाळण्यासाठी अमेरिकेत जी शिफारस आहे तिच्यानुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास ठीक, १०० डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटं. मेटलच्या गिगला पंधरा मिनिटांत पहिलं मोठं गाणंही संपत नाही कधीकधी. तास-दोन तासांनी कान तात्पुरते बधिर होतात. घरी गेल्यावर जी शिट्टी वाजते ती त्याचीच. म्हणजे मुख्य बँडला सगळ्यात मोठा आवाज मिळतो आणि सगळ्यात थकलेले कान मिळतात. यातलं काय कशाला खातं, याचं गणित मांडायला मी अजून बसलेलो नाही.

फोनवरच्या क्लिप्सबद्दल तर बोलूच नये. फोनचा माइक मोठा आवाज आला की स्वतःहून खाली दाबतो आणि लहान आला की वर खेचतो. बोलण्यासाठी ते सोयीचं, पण मेटलचा अर्धा जीव दबलेल्या जागेतून अंगावर येणाऱ्या आवाजात असतो, आणि नेमका तोच फोन सपाट करून टाकतो. अशा दोन क्लिप्स शेजारी ठेवून दोन बँडची तुलना करणं म्हणजे दोन हॉटेलांच्या मेन्यूकार्डांची चव घेणं. अधिकृत लाइव्ह अल्बम तरी काय? जूडास प्रीस्टचा १९७९ चा ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ हा जपानमधला अल्बम कित्येकांच्या मते लाइव्ह मेटलचा नमुना. त्यातलं रॉब हॅलफर्डचं गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा केलं गेलं, हे आता उघड आहे. चाहत्यांनी नावातलं ‘ईस्ट’ काढून तिथे ‘स्टुडिओ’ घातलं, आणि तरीही ऐकत राहिले. मीही ऐकतो.

बरं, हे फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचं होत असेल असंही नाही. ब्रसेल्सला ‘क्वीन एलिझाबेथ’ ही पियानो-व्हायोलिनची जगातली एक अत्यंत मानाची स्पर्धा होते. कोण कधी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. अर्थशास्त्रज्ञांनी तिचे जुने निकाल तपासले, तेव्हा पहिल्या दिवशी वाजवणारे खाली आणि नंतर येणारे वर जाताना दिसले. दिग्गज परीक्षक, बंद सभागृह, आणि तरीही चिठ्ठीतला क्रमांक निकालात उतरलेला. २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय या संशोधिकेने लोकांना अशा स्पर्धांच्या क्लिप्स दाखवून विजेता ओळखायला सांगितलं. नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून फक्त चित्र बघणाऱ्यांनी विजेते जास्त अचूक ओळखले. शास्त्रीय संगीतात ही गत, तर आग ओकणाऱ्या स्टेजवर केस फिरवणाऱ्या माणसांबद्दल आपण काय सांगणार.

हे सगळं वाचून ‘मग सब्जेक्टिव्हच की’ असं वाटेल. मला नेमकं उलट वाटतं. वर मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट शोधून काढता आली आहे. कुठे उभा होतास, कितवा बँड होता, साऊंडचेक झालं होतं का, हे विचारता येतं आणि उत्तर मिळालं की मत बदलता येतं. ज्याला उत्तर देता येतं, ते नुसतं माझं-तुझं राहत नाही. ऐकणारा त्या ऐकण्यात मिसळलेला असतो, म्हणून तर त्याने स्वतःबद्दल सांगायचं बंधन वाढतं. ते टाळून ‘माझं वैयक्तिक मत’ असं खाली लिहायचं, आणि वर एखाद्याला ‘कच्चा’ म्हणून मोकळं व्हायचं, हा मला लबाडपणा वाटतो.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ मध्ये अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट त्याने घेतली आहे. सांचो पान्झाच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची चव आहे. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते.

मला ही गोष्ट निको मॅकब्रेनमुळे आठवली. निको १९८२ पासून आयर्न मेडनचा ड्रमर. २०२३ च्या उन्हाळ्यात मेडनची नवी टूर सुरू झाली. तिच्या क्लिप्स नीट ऐकल्या तर ‘द ट्रूपर’सारख्या गाण्यात काहीतरी बदललंय हे कळत होतं. जिथे पूर्वी हात पाण्यासारखे वाहायचे त्या जागा सोप्या झाल्या होत्या. ऐकणाऱ्याच्या मनात पहिलं उत्तर येतं ते एकच: वय झालं. मग ऑगस्टमध्ये निकोने स्वतः जाहीर केलं की जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, उजवी बाजू लुळी पडली होती, आणि टूर सुरू होईपर्यंत जेमतेम काही महिने हाताशी होते. पूर्वीच्या काही जलद जागा आता वाजत नाहीत, म्हणून तो त्या वेगळ्या पद्धतीने वाजवतो, हेही त्याने सांगितलं.

किल्ली सापडली. ज्यांना चव बदललेली कळली होती त्यांचे कान बरोबर होते. पण ह्यूमची गोष्ट इथे थोडी अपुरी पडते, कारण किल्ली सापडल्यावर वाइनचं काय करायचं, हे ती सांगत नाही. सत्तरीतला माणूस झटक्यानंतर चार-पाच महिन्यांत अख्ख्या टूरवर ड्रम्स वाजवतो, हे कळल्यावर त्याच क्लिप्स मला वेगळ्या ऐकू यायला लागल्या. ज्या जागेवर पूर्वी मला खड्डा ऐकू यायचा, तिथे आता माणसाने काढलेली पायवाट ऐकू येऊ लागली. आवाज तोच होता. मग मी आता संगीत ऐकत होतो की बातमी?

या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं, कारण त्याच सुमारास तो माझ्या ओळखीच्या एका माणसावर येऊन आदळला होता. माझा एक मित्र, दिवसा एका कंपनीत टेस्टर, रात्री ड्रमर. त्यांचा चार जणांचा बँड. पुण्यातल्या एका पबमध्ये पाच बँडच्या रांगेत त्यांना दुसरा नंबर मिळाला होता. दोन दिवसांनी गिगच्या बातम्या देणाऱ्या एका इन्स्टा पेजवर सगळ्यांबद्दल दोन-दोन ओळी आल्या. यांच्याबद्दल होतं की रिफ दमदार आहेत, पण ड्रमर अजून कच्चा आहे, डबल बेसला जोरच नाही. मित्राने कन्सोलवरून घेतलेलं रेकॉर्डिंग मिळवलं. पहिल्या दोन गाण्यांत बेस ड्रमचा माइक बंद होता. तिसऱ्या गाण्याच्या मधेच तो जिवंत होतो, आणि तिथून पुढे पाय अगदी घड्याळासारखे चालताना ऐकू येतात.

मला वाटतं लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याला जोर ऐकू आला नाही, कारण तो नव्हताच. पण ‘बेस ड्रम ऐकू येत नव्हता’ आणि ‘ड्रमर कच्चा आहे’ या दोन वाक्यांत एक अख्खा माणूस आडवा पडलेला असतो. मेटॅलिकाबद्दल कुणी असं लिहिलं तर त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. लार्स उलरिकच्या लयीवर वर्षानुवर्षं विनोद चाललेत आणि स्टेडियम भरतच आहेत. इथे मात्र पुढच्या दोन महिन्यांत यांना कुणी बोलावलं नाही, आणि बेस वाजवणारा मुलगा ‘यात काही राम नाही’ म्हणत बाहेर पडला. त्या दोन ओळींमुळेच पडला असं मी म्हणणार नाही. पण ओळी होत्या दोनच, आणि त्यांच्याबद्दल त्या वर्षात लिहिल्या गेलेल्या सगळ्या ओळी त्याच होत्या.

यावर विचार करताना मला उपयोगी पडलं ते भलतंच पुस्तक. नाट्यशास्त्राचा २७वा अध्याय प्रयोग यशस्वी झाला की नाही हे कसं ठरवायचं यावर आहे. प्रयोगांच्या स्पर्धा होत, बक्षिसं असत, आणि परीक्षक नेमले जात. त्यात नुसते नाटकवाले नसत. वैयाकरणी, चित्रकार, गणिका, धनुर्धर, संगीतज्ञ, ज्याचा जो विषय त्यावर त्याचं मत. शेजारी लिहून घेणारे आणि मोजणारे बसलेले. तरुणांना शृंगार आवडणार, शूरांना युद्ध, म्हाताऱ्यांना पुराणं, हे भरताने सांगूनच टाकलंय. आवडीनिवडीचा शोध आपल्याला लागलेला नाही.

यशाचे तो दोन प्रकार सांगतो. एक मानुषी सिद्धी: लोक हसतात, ‘वाहवा’ म्हणतात, अंगावर काटा येतो, उत्साहाने कपडे आणि अंगठ्या फेकतात. मॉश पिटमध्ये शिरलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. दुसरी दैवी: प्रेक्षागृह भरलेलं, आणि आवाज नाही, हालचाल नाही. पण मला सगळ्यात आवडला तो ‘घात’ म्हणजे विघ्नांचा भाग. वारा, आग, पाऊस यांनी होणारे घात वेगळे, प्रतिस्पर्ध्यांनी शेण नि ढेकळं फेकून केलेले वेगळे, आणि कलावंताच्या स्वतःच्या चुकीने झालेले वेगळे. परीक्षकांनी लिहून घ्यायचे ते फक्त शेवटचे. दैवाने किंवा दुसऱ्याने केलेला घात त्याच्या खात्यावर मांडायचा नाही. मेलेला माइक कुठल्या रकान्यात जातो हे उघड आहे. हजार-दीड हजार वर्षांहून जुन्या पुस्तकाला जे सुचलं ते इन्स्टा पेजला सुचायला हरकत नव्हती.

आणि हे काही फक्त संस्कृतात अडकून पडलेलं नाही. आपल्या मैफलींच्या भाषेत ते रोज वापरात आहे. माझे आजोबा सवाई गंधर्व महोत्सवाहून पहाटे परत आले की म्हणायचे, “आज बुवांचा आवाज लागला नाही.” कधी म्हणायचे, “मैफल जमली नाही.” या वाक्यांत कुणी कुणावर आरोप करत नाही. आवाज लागतो किंवा लागत नाही, मैफल जमते किंवा जमत नाही. गाणारा, साथीदार, हवा, ऐकणारे, सगळे त्या एका क्रियापदात बसतात. तरी ते मऊ नाही. आजोबा एकदा ‘लागला नाही’ म्हणाले की तो निकाल असायचा, आणि त्यावर घरात वाद व्हायचा, कारण आजीही तिथेच बसलेली असायची आणि तिच्या मते मध्यंतरानंतर लागला होता. मात्र एखादा गायक कच्चा आहे असं म्हणायला ते दहा मैफली घ्यायचे. आम्ही मेटलवाले पंधरा सेकंदांच्या क्लिपवर म्हणतो.

आता हे सगळं मी त्या ड्रमर मित्राला ऐकवलं. वाटलं, त्याला बरं वाटेल. त्याने उलट मलाच धारेवर धरलं, आणि त्यासाठी त्याला ऑझी सापडला.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथची शेवटची कॉन्सर्ट झाली. आम्ही दोघांनी ती रात्र जागून स्ट्रीमवर पाहिली, जे दोन तास उशिरा दाखवत होते. तुलना करायची म्हटली तर याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. एकच दिवस, एकच मैदान, आणि मेटॅलिका, स्लेअर, गोजिरा, मॅस्टोडॉन, पँटेरा, टूल असे सगळे एकामागून एक. त्यात बहुतेकांनी आपल्या गाण्यांबरोबर सॅबथचंही एखादं वाजवलेलं. माझ्या कानांना त्या दिवशी गोजिरा सगळ्यांत घट्ट वाटले (हेडफोन चांगले होते, जागा घरचा सोफा, कान ताजे नव्हते). मित्र मॅस्टोडॉनवर अडून राहिला. त्यावर आम्ही तासभर भांडलो आणि एकदाही कुणी ‘सब्जेक्टिव्ह’ म्हणालं नाही.

मग ऑझी आला. पार्किन्सन्स झालेला, उभं राहणं अशक्य, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून. आधी स्वतःची पाच गाणी, मग आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड या मूळच्या तिघांबरोबर सॅबथची चार. सूर कितीतरी ठिकाणी सुटत होता. ‘मामा, आय’म कमिंग होम’मध्ये तर आवाज भरून येऊन अडकत होता. चाळीस हजारांच्या आसपास माणसं ते गाणं त्याच्यासाठी पुरं करत होती. सतरा दिवसांनी तो गेला.

मी म्हटलं, हीच ती सिद्धी. तो म्हणाला, “कुठली? तुझ्या पुस्तकात दैवी सिद्धीला शांतता लागते. इथे लोक बोंबलत होते.” मग म्हणाला, “आणि पार्किन्सन्स हा दैवाचा घात, बरोबर? तो लिहायचा नाही. मग त्या आजारामुळे जे भारी वाटलं ते तरी का लिहितोस? घात वजा करायचा आणि त्याच घाताने आलेलं रडू जमेला धरायचं, हा कुठला हिशेब?”

मी म्हटलं, ती गायनाची परीक्षा नव्हतीच, तो निरोप होता. निरोपाला सुराने कोण मोजतं? पण हे त्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या बाजूने एक गोष्ट मजबूत आहे. माहिती नसताना केलेला अन्याय आणि माहिती असताना केलेली दया, दोन्हींत कान बंदच असतात, असं तो म्हणतो. त्याच्याबद्दल कुणी ‘बिचाऱ्याचा माइक गेला होता, पण मनापासून वाजवला’ असं लिहिलं असतं तर त्याला ते ‘कच्चा’पेक्षा जास्त लागलं असतं. त्याला निको आवडतो तो याच कारणासाठी. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, साव पावलोच्या शोनंतर, निकोने टूरवर वाजवणं स्वतःहून थांबवलं. वय ७२, बँडमध्ये ४२ वर्षं. लोक तर अजूनही टाळ्या वाजवायला तयार होते.

मी ऑझीच्या बाजूने अजून एकदा बोलून पाहिलं. म्हटलं, त्या माणसाला थांबायचंच होतं, फक्त नीट थांबायचं होतं, आणि ज्या गावात बँड सुरू झाला तिथेच. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ऑझीचं तू बघ. मला बिल वॉर्डबद्दल बोलायचंय. सत्त्याहत्तर वर्षांचा आहे तो. त्याच्याबद्दल कुणी धड दोन ओळी लिहिल्या का?”

रात्रीचा दीड वाजला होता. आम्ही ‘वॉर पिग्ज’ पुन्हा लावलं, आणि या खेपेला गायकाकडे लक्ष न देता फक्त हाय-हॅट ऐकायचं ठरवलं.